तिळाचं तेल लाल झालं तेव्हा

माझ्या दादाची खाप्याला तेलाची मिल होती. मिल म्हणायचं एवढंच. पत्र्याचं लांबट छप्पर, त्याखाली दाणे दाबून तेल काढणारा, विजेवर चालणारा एक्सपेलर, दाणे साफ करायच्या चाळण्या, तेल निवळत ठेवायच्या टाक्या आणि रस्त्याच्या बाजूला फळ्या लावून बंद होणारं छोटं दुकान. हिवाळ्यात तिथं तीळ यायचा, मग जवस, मग करडई. तेल काढून उरलेल्या ढेपेचा उबदार वास दादाच्या सदऱ्याला कायम असे. धुतल्यावरही जात नसे, आणि वहिनीनं त्याबद्दल कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

आई-वडील मी लहान असतानाच गेले. दादा माझ्याहून पुष्कळ मोठा. त्यानं आणि वहिनीनं मला वाढवलं. त्यांना मूल झालं नाही, त्यामुळे मी त्यांची बहीणही होते आणि लेकही. मला नागपूरला शिकायला पाठवायचं ठरलं तेव्हा गावात काहींनी नाकं मुरडली. दादा त्यांना म्हणाला, "तेल काढनं मले येते. तेल म्हंजे काय असते ते हिले शिकू द्या." अशी मी तेलांच्या रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि नागपुरातल्याच एका प्रयोगशाळेत नोकरीला लागले. धरमपेठेत एका कुटुंबाच्या मागची खोली भाड्यानं घेतली. शनिवारी दुपारी सुटी झाली की सावनेरची बस धरायची आणि उजेड असेपर्यंत खाप्याला पोचायचं, असा माझा नेम होता.

मिलमध्ये दादाबरोबर आणखी एक माणूस होता. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. दादा आणि मिस्त्री एका वर्गात शिकलेले. मिस्त्रींच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यानंतर गावातल्या काही लोकांनी त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं ठेवलं. दादानं तसं केलं नाही. पुढे मिस्त्री नागपूरच्या एका कापडगिरणीत मशीनचं काम शिकून परत आले आणि दोघांनी मिळून हा जुना एक्सपेलर आणून बसवला. लायसन दादाच्या नावावर होतं, पण मिलच्या कुलपाची एक किल्ली दादाकडे आणि दुसरी मिस्त्रींकडे असे. दुपारी दोघं आमच्या स्वयंपाकघरात शेजारी शेजारी बसून जेवत. सुरुवातीला मिस्त्री ओसरीवरच थांबले होते. वहिनी आतून म्हणाली, "भाऊजी, ताट आत वाढलं आहे. भाजी थंडी होऊन राहिली." मिस्त्री आत आले आणि मग कधी ओसरीवर थांबले नाहीत. मला ते बाई म्हणत. मी त्यांना मिस्त्रीभाऊ म्हणायची.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं. एका हिवाळ्यात अन्न निरीक्षक खाप्याला आले आणि बाजारातल्या सगळ्या तेलवाल्यांकडून नमुने घेत आमच्या मिलवरही पोचले. त्या दिवशी टाकीत तिळाचं तेल होतं. त्यांनी ते तीन बाटल्यांत भरलं, लाखेनं सील केलं. एक बाटली सरकारी तपासणीसाठी, एक त्यांच्याकडे राहायची आणि एक दादाला दिली. पुढे वाद झाला तर ती वरच्या प्रयोगशाळेत पाठवता येते, असं सांगितलं. दादा इतका निर्धास्त होता की त्यानं साहेबांना चहा पाजला आणि ती बाटली घरी नेऊन कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली.

काही आठवड्यांनी अहवाल आला. तिळाच्या तेलात सरकीचं तेल आढळलं, असा.

आमचा मुलूख कापसाचा. सरकीचं तेल स्वस्त आणि मुबलक. महाग तेलात सरकीचं तेल मिसळणारे व्यापारी तेव्हा होते, सगळ्यांना ते ठाऊक होतं. पण दादाचं तेल लोक सावनेरहून येऊन नेत. अहवाल आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या खोलीच्या दारात उभा होता. हातात त्याच टाकीतल्या तेलाची बरणी.

"तुमच्या तिथं तपासते ना तेल?" तो म्हणाला. "मंग तू पाह्य. दुसऱ्या कोनाच्या हाताचं मले नको."

मी त्याला सोबत घेऊन प्रयोगशाळेत गेले. सरकीचं तेल ओळखायची तेव्हा एकच सर्वमान्य चाचणी होती. तेलात गंधक विरघळवलेलं एक घाणेरड्या वासाचं द्रव घालायचं आणि ती काचेची नळी मिठाच्या उकळत्या पाण्यात धरून ठेवायची. सरकी नसेल तर तेल जसंच्या तसं पिवळं राहतं. असेल तर हळूहळू लाल होत जातं. ही चाचणी एवढी संवेदनशील की सरकीचा अंश जरी असला तरी रंग येतो. शिकत असताना आम्ही ती कितीदा केली होती.

दादा खिडकीपाशी स्टुलावर बसला. मी शेजारी दुसऱ्या नळीत प्रयोगशाळेतलं, खात्रीचं तिळाचं तेल ठेवलं होतं. पाणी उकळत राहिलं. आधी गुलाबी छटा आली, मला वाटलं उजेडामुळे दिसतेय. मग ती दाट झाली. दादाच्या तेलाची नळी डाळिंबाच्या रसासारखी लाल झाली आणि शेजारची पिवळीच राहिली.

दादा उठून जवळ आला. "हे माह्यं का?" त्यानं विचारलं.

मी हो म्हणाले.

"तुहं काही चुकलं नसन?"

मी सगळं पुन्हा केलं. नळ्या धुतल्या, नवं द्रव बनवलं. पुन्हा लाल.

"दादा, तू काही मिसळलं नाहीस हे मला माहीत आहे," मी म्हणाले. "आणि चाचणी लाल आली हेही माझ्या डोळ्यांसमोर आहे. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा, ते मला कळत नाही."

माझ्या शिक्षणावर त्याचा इतका विश्वास होता की माझ्या हातून झालेली चाचणी खोटी असेल हे त्याच्या मनातच येईना. "मी टाकलं नाई," तो शेवटी म्हणाला. "अन् नळी लाल आहे. म्हंजे कोनीतरी टाकलं."

मी म्हणाले, "घाई करू नकोस. मला शोधू दे." पण शोधायचं कुठं, हे मलाही माहीत नव्हतं. तेव्हाच्या पुस्तकांत लाल म्हणजे सरकी, एवढंच होतं.

त्या शनिवारी मी खाप्याला पोचले तेव्हा गावानं दादाच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं होतं. मिस्त्रींचा साळा सावनेरकडच्या एका सरकीच्या मिलमध्ये कामाला होता. एवढं पुरलं. दुकानाच्या फळीवर बसून लोक दादाला सांगत होते, किल्ली आणखी कोणाकडे होती ते बघ. काही जण त्याहून वाईट बोलत होते, मिस्त्रींच्या जातीवरून, आणि दादा ते ऐकून घेत होता. आधी त्यानं असं कधी ऐकून घेतलं नव्हतं.

रविवारी सकाळी मिस्त्री मिल उघडायला आले. मी दादासाठी चहा घेऊन गेले होते म्हणून तिथं होते.

दादा म्हणाला, "मिस्त्री, एक विचारू का?"

"विचार ना गा."

"तेल बाईनं तपासलं. तिच्या हातानं. लाल झालं."

"सांगतलं मले कोनीतरी."

"मी टाकलं नाई. मंग कोनं टाकलं?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे. त्यांना प्रश्न कळायला क्षणभर वेळ लागला, आणि कळला तेव्हा त्यांचा चेहरा बदलला.

"मी कायले टाकू गा?" ते म्हणाले. "मी टाकलं नाई."

मी म्हणाले, "दादा, मिस्त्रीभाऊ असं करणार नाहीत." दादानं मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. मिस्त्रींनी आणखी थोडी वाट पाहिली. मग खिशातून किल्ली काढली, एक्सपेलरवर ठेवली आणि चालू लागले. दादानं त्यांना थांबवलं नाही. मी दारापर्यंत मागे गेले, हाक मारली. ते थांबले आणि म्हणाले, "तू घरात जाय बाई. तुहा दोष नाई."

पुढे कोर्ट झालं. दादाच्या वकिलानं तेच मांडलं, की मालक निर्दोष आहे, मशीनवरच्या माणसानं हे केलं असावं. मिस्त्रींना साक्षीला बोलावलं. तिथंही त्यांनी एवढंच सांगितलं, की आपण काही टाकलं नाही. कपाटावरची तिसरी बाटली वरच्या प्रयोगशाळेत पाठवायची की नाही, असं वकिलानं विचारलं तेव्हा दादा म्हणाला, "कायले? माह्या बहिनीनं पाह्यलं आहे. तिथंबी लालच होईन." ती बाटली तशीच राहिली. दादाला कैदेची शिक्षा झाली. तो तुरुंगातून परत आला तेव्हा लायसन गेलेलं होतं. त्यानं मिल विकून टाकली आणि सावनेरला एका धान्याच्या दुकानात वजनकाट्यावर नोकरी धरली.

मिस्त्रींना आसपासच्या कोणत्याच तेलमिलनं ठेवलं नाही. कोर्टात नाव निघालेला माणूस कोण ठेवणार. ते बायको-मुलांना घेऊन कळमेश्वरला गेले आणि तिथं कुठल्याशा कारखान्यात हमाली करू लागले, असं कानावर आलं.

वहिनीनं दादाला या गोष्टीबद्दल एकदाच विचारलं. मी समोर होते. ती म्हणाली, "इतकी वर्षं भाऊजी आपल्या घरात जेवले. तुम्हाले खरंच वाटते का त्यायनं केलं?" दादा म्हणाला, "मंग काय मी केलं? का बाईनं खोटं सांगतलं?" त्यानंतर आमच्या घरात मिस्त्रींचं नाव निघेनासं झालं. दादा बोलायचाच कमी झाला. जेवताना त्याच्या शेजारची जागा मोकळी असे आणि तो तिकडे पाठ करून बसे.

अशी बरीच वर्षं गेली. मी लग्न केलं नाही. सांगून आलेली स्थळं खाप्यात चौकशी करून परत जात, आणि पुढे मीच तो विषय बंद केला.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडे आमच्या प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफ आला. नागपुरात असं यंत्र तेव्हा अप्रूपाचं होतं. कुठलंही तेल म्हणजे निरनिराळ्या स्निग्ध आम्लांचं मिश्रण असतं आणि प्रत्येक तेलात त्यांचं प्रमाण वेगळं असतं. जुन्या चाचण्या एखाद्या खुणेवरून अंदाज बांधत. हे यंत्र तेलातलं एकेक आम्ल वेगळं करून मोजत असे. आधी तेलातली आम्लं सहज वाफ होईल अशा रूपात आणायची, मग त्याचा एका थेंबाहूनही कमी भाग सुईनं यंत्रात सोडायचा. आत तापलेल्या लांब नळीच्या वेटोळ्यातून ती वाफ निघते, हलकी आम्लं आधी, जड मागून. बाहेर कागदाची पट्टी सरकत राहते आणि पेन तिच्यावर एकामागून एक टेकड्या काढत जातं. प्रत्येक टेकडी म्हणजे एक आम्ल. कोणतं किती, हे काढायला आम्ही त्या टेकड्या कात्रीनं कापून तराजूत तोलत असू. उन्हाळ्यात त्या खोलीत वाळ्याच्या ताट्या लावूनही जीव नकोसा व्हायचा, आणि वीज गेली की सगळं पहिल्यापासून.

काम मला दिलं गेलं. विदर्भातली सगळी तेलं स्वतः बियांपासून काढायची आणि त्यांचे नकाशे करून ठेवायचे, म्हणजे पुढे कुणी तेल आणलं तर ताडून पाहता येईल. तीळ, जवस, करडई, सरकी, मोहाची टोळी म्हणजे बिया, एवढं झालं. मग मी अंबाडी घेतली. अंबाडीची भाजी आपल्याकडे घरोघर खातात, तिच्या वाखाचे दोर वळतात. बियांचंही तेल निघतं. यंत्रावर चढवण्याआधी प्रत्येक तेलाच्या जुन्या चाचण्याही करून ठेवायच्या होत्या. मी अंबाडीचं तेल उकळत्या पाण्यात ठेवलं आणि दुसरं काम करायला वळले. परत पाहिलं तेव्हा नळी लाल होती.

मी खाली बसले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का.

कापूस, भेंडी, अंबाडी, ही सगळी एका कुळातली झाडं. सरकीतलं जे चमत्कारिक आम्ल त्या चाचणीत लाल होतं, तेच अंबाडीच्या बीतही थोडं असतं. आणि खाप्याच्या आसपासचे शेतकरी तिळाच्या धुऱ्यानं, म्हणजे बांधाच्या कडेनं, अंबाडीच्या ओळी लावतात. दोन्ही एकाच खळ्यावर येतात. कितीही चाळलं तरी तिळात अंबाडीचं थोडं बी राहतंच, आणि त्या चाचणीला तेवढं पुरतं. लहानपणापासून मी ती शेतं पाहत आले होते.

पण वाटणं आणि सिद्ध होणं वेगळं. मी खाप्याला गेले. दादा कामावर होता. वहिनीला म्हटलं, ती सीलबंद बाटली हवी आहे. तिनं काही न विचारता स्टुलावर चढून ती काढून दिली. लाख शाबूत होती. तेल खवट झालं होतं, पण मला हवं होतं ते पामिटिक आम्ल. ते हवेनं बिघडत नाही. तिळाच्या तेलात ते थोडंच असतं, सरकीत त्याच्या दुपटीहून जास्त. फायद्यासाठी सरकीचं तेल मिसळणारा माणूस चमचाभर मिसळत नाही, डबेच्या डबे ओततो. तसं झालं असतं तर ती टेकडी चांगलीच फुगली असती.

यंत्रावर ते तेल मी पुन्हा पुन्हा चढवलं. टेकडी फुगली नाही. शुद्ध तिळाच्या तेलात असायला हवी तेवढीच होती. मग सुगीला, दादाकडे जिथून तीळ यायचा त्या कन्हान नदीकाठच्या गावांतून तीळ मागवला. ताटात पसरून पाहिला तर मधूनमधून अंबाडीचे काळपट, कोनदार दाणे. तसंच तेल काढलं तेव्हा नळी लाल झाली. अंबाडी वेचून काढून तेल काढलं तेव्हा पिवळी राहिली.

एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, खटला कधीच संपला आहे, आणि कायद्याच्या दृष्टीनं अंबाडी हेही दुसरंच तेल, म्हणजे भेसळच. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. मला कोर्टात जायचंच नव्हतं.

रविवारी मी कागदाच्या पट्ट्या घेऊन खाप्याला गेले. दादा अंगणात खाटेवर होता. मी पट्ट्या त्याच्यापुढे पसरल्या.

"या टेकड्यांना आम्ही पीक म्हणतो," मी सांगितलं.

"हे कायचं पीक?" तो हसला. पुष्कळ दिवसांनी हसला होता.

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. तिळाची पट्टी, सरकीची पट्टी, त्याच्या बाटलीची पट्टी. अंबाडीचे दाणे पुडीत बांधून नेले होते, ते त्याच्या हातावर ठेवले. तो हुशार होता, मधेच प्रश्न विचारत होता. सगळं कळल्यावर तो म्हणाला, "म्हंजे मी टाकलं नाई, हे आता सिद्ध झालं."

"हो."

"कोनीच टाकलं नाई."

"कोणीच नाही."

त्याची मूठ मिटली. वहिनी दारात उभी होती, ती पदरानं तोंड झाकून आत गेली. दादा दाणे मुठीत धरूनच उठला. मग म्हणाला, "कळमेश्वरची बस किती वाजता आहे वं?"

आम्ही दोघं सावनेरहून बस बदलून कळमेश्वरला गेलो. विचारत विचारत एका चाळीत पोचलो. मिस्त्रींचे केस पांढरे झाले होते. हमाली झेपेना म्हणून आता ते एका कारखान्याच्या फाटकावर पहारा करत होते. त्या दिवशी घरी होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली सतरंजी. त्यांनी आम्हाला ओळखलं आणि "बसा" म्हणाले. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं.

मीच सांगितलं. मिस्त्री लक्ष देऊन ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "अंबाडीचं पुन्हा सांग बाई." मी पुन्हा सांगितलं.

"म्हंजे कोनीच टाकलं नव्हतं," ते म्हणाले.

"नाही, मिस्त्रीभाऊ."

"मी तवा हेच सांगतलं होतं." मग ते दादाकडे वळले. आवाज चढला नव्हता. "तुले कागदावर दिसलं तवा पटलं गा. मी तोंडानं सांगतलं, तवा नाई पटलं."

दादा म्हणाला, "चुकलं माह्यं."

"हो," मिस्त्री म्हणाले.

त्यांची बायको चुलीपाशी बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "आमच्या पोरीची सोयरीक मोडली त्यापायी. तेलात भेसळ करनाऱ्याची पोरगी म्हने. दोन गावं सोडून तिसऱ्या गावाले दिली मंग. तिथंबी तिले ऐकाच लागते." एवढं बोलून तिनं चहा गाळला आणि आम्हाला दिला.

निघताना मिस्त्री रस्त्यापर्यंत आले. दादानं विचारलं, "येशीन का खाप्याले?" मिस्त्री म्हणाले, "पाहू."

त्यानंतर दादा सुटीच्या दिवशी कळमेश्वरला जाऊ लागला. मी कधी सोबत असे. तो मिस्त्रींच्या दाराशी खुर्चीवर बसे. दोघं पावसाचं, बसचं, कारखान्यातल्या पाळ्यांचं बोलत. मिस्त्री त्याला चहा दिल्याशिवाय परत पाठवत नसत. मिलचा विषय दोघंही काढत नसत. उठताना दादा प्रत्येक वेळी विचारायचा, येशीन का, आणि मिस्त्री म्हणायचे, पाहू. एकदा परतताना बसमध्ये दादा मला म्हणाला, "त्यानं मले शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं वं. तो चहा देते."

दादा गेला तो एका दुपारी. दुकानातच छातीत कळ आली. लोकांनी जीपमधून नागपूरला आणलं, मला प्रयोगशाळेत निरोप आला. मी पोचले तेव्हा तो शुद्धीवर होता. थोड्याच वेळात तो गेला. कन्हानच्या काठावर आम्ही त्याला पोचवलं. त्या गडबडीत कळमेश्वरला कुणी कळवलं नाही, आणि माझ्याही ते लक्षात आलं नाही.

दहावं-तेरावं झाल्यावर मी एकटीच कळमेश्वरला गेले. मिस्त्री दारात सायकलची चेन पुसत होते. मला पाहून त्यांनी माझ्यामागे पाहिलं, दादा कुठं आहे म्हणून. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि फडकं खाली ठेवलं.

मी सांगितलं. ते उंबऱ्यावर बसले. "लई तरास झाला का त्याले?" त्यांनी विचारलं.

"फार वेळ नाही."

त्यांची बायको बाहेर आली, माझ्याजवळ बसली, माझ्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा कुठं मला रडू फुटलं. खाप्याला वहिनीला सावरताना मी रडलेच नव्हते. मिस्त्री आपल्या हातांकडे बघत होते. चेनचं काळं वंगण बोटांना लागलेलं होतं.

"मले वाटलं होतं, जाईन मी एखाद्या दिवशी," ते म्हणाले. "खाप्याले. त्याच्या घरी. राग नव्हता रायला तितका. पन पाय उचलत नव्हता. मनात म्हनो, पुढच्या खेपेले तो आला की त्याच्याच संगं जाऊ. टाइम आहे असं वाटलं होतं, बाई."

दादालाही तसंच वाटत होतं, हे मला माहीत होतं, पण ते सांगून काय होणार होतं.

त्यांनी विचारलं, "वैनी एकल्याच आहेत का?"

मी हो म्हणाले.

पुढच्या आठवड्यात दोघं नवरा-बायको खाप्याला आले. वहिनी आणि मिस्त्रींची बायको एकमेकींना धरून बसल्या. मिस्त्री अंगणात दादाच्या खाटेशेजारी जमिनीवर बसले. मी खाटेवर बसा म्हटलं तर त्यांनी मान हलवली. ऊन अंगावर येईपर्यंत ते तिथंच बसून होते. परतीच्या बसची वेळ झाली तेव्हा मी त्यांना स्टँडवर पोचवायला निघाले. जुन्या मिलवरूनच रस्ता जात होता. तिथं आता कोणीतरी लाकडाची वखार टाकली होती. मिस्त्रींनी तिकडे पाहिलं नाही. बायकोचा हात धरून ते रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं चालत राहिले, आणि मी त्यांच्या मागून.